श्रॉपशर कसं पाहावं: एक रेल्वेलाइन, चार स्टेशनं

श्रॉपशरला निघालोय असं फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी पहिलंच विचारलं, "म्हणजे श्रुसबेरी बिस्किटवालं गाव ना?" बरोबर होतं त्यांचं. पुण्यात कयानी बेकरीपुढे रांग लावून आपण जी बिस्किटं घेतो, त्यांचं नाव या काउंटीच्या मुख्य गावावरून आलंय. गावाचा उच्चार कुणी श्रूजबरी करतं, कुणी श्रोजबरी, आणि खरा कुठला यावरून गावातच दोन तट आहेत. तुम्ही कसाही करा, तिकीट मिळतं.

मी सात वर्षं बर्मिंगहॅमला राहते. नव्याने आलेली आपली मंडळी लंडन, एडिंबरा, लेक डिस्ट्रिक्ट उरकतात आणि मग विचारतात, "जरा खेड्यापाड्यातलं इंग्लंड कुठे बघायला मिळेल?" मी श्रॉपशर सांगते. वेल्सच्या सीमेला चिकटलेली काउंटी, त्यामुळे किल्ल्यांना तोटा नाही. डोंगर गुडघ्यांना झेपतील एवढेच. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे काउंटीच्या मधोमध उत्तर-दक्षिण जाणारी रेल्वे. गाडी चालवत नसाल, लायसन्स व्हायचं असेल, तरी अडत नाही.

आधी लाइन समजून घ्या

बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून श्रूजबरी साधारण तासाभराचं. तिथून हेरफर्डकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की ओळीने चर्च स्ट्रेटन, क्रेव्हन आर्म्स आणि लडलो लागतात. श्रूजबरी ते लडलो जेमतेम अर्धा तास. या चार नावांत तुमच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या बसतात: श्रूजबरीत जुनं गाव, चर्च स्ट्रेटनला डोंगर, क्रेव्हन आर्म्सजवळ स्टोकसेची गढी आणि लडलोला किल्ला.

एका दिवसात दोन स्टेशनं, त्याहून जास्त नको. आपल्याला सवय असते एका दिवसात अष्टविनायकातले चार गणपती करायची, पण इथे गाडी चुकली तर पुढची तासाने, आणि लहान स्टेशनवर कधी दोन तासांनी. सगळ्या गाड्या क्रेव्हन आर्म्सला आणि चर्च स्ट्रेटनला थांबत नाहीत. निघण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण दरीत उतरलात की मोबाइलची रेंज जाते.

लंडनहून येणार असाल तर एका दिवसाचा हट्ट सोडा. एक रात्र श्रूजबरीत किंवा लडलोत काढा.

दिवस आणि महिना

मे ते सप्टेंबर उत्तम. ऑगस्टमध्ये डोंगरावर हेदर फुलतं आणि सगळा माथा जांभळा होतो. कासचं पठार पाहिलेल्यांना हा रंग बघून घरची आठवण येतेच. हिवाळ्यात बरीच ऐतिहासिक ठिकाणं फक्त शनिवार-रविवारी उघडतात, काही बंदच असतात, तेव्हा त्या ठिकाणाच्या वेबसाइटवर त्याच दिवसाची वेळ पाहा. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा-एक तास आधी असतो. रविवारी खेड्यातल्या बस जवळजवळ नसतातच, म्हणून बसवर अवलंबून असलेलं काहीही शनिवारी ठेवा.

अंधाराचं गणित नवख्यांना पटकन लक्षात येत नाही. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारला संपतो. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी डोंगरावर गेलो. आदल्या आठवड्यात सहा वाजेपर्यंत छान दिसत होतं, या हिशेबाने वर निवांत थेपले खात बसलो. त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली होती. फोनवरची वेळ आपोआप बदलली, आमच्या डोक्यातली नाही बदलली. पावणेपाचला सूर्य गेला आणि आम्ही फोनच्या टॉर्चवर, ओल्या दगडांवरून, एकमेकांना शिव्या घालत उतरलो. तेव्हापासून बॅगेत साधी बॅटरी असतेच, आणि सूर्यास्ताची वेळ मी गाडीच्या वेळेच्या शेजारी लिहून ठेवते.

तिकिटाचे पैसे कुठे वाचतात

इंग्लंडमधली जुनी ठिकाणं वेगवेगळ्या हातांत आहेत, आणि हे न कळल्यामुळे लोक दोनदा पैसे भरतात. स्टोकसेची गढी, रॉक्सिटरचं रोमन शहर, वेनलॉकचा मठ ही इंग्लिश हेरिटेजकडे. ॲटिंगहॅम पार्कची हवेली आणि कार्डिंग मिल दरीचं पार्किंग नॅशनल ट्रस्टकडे. लडलोचा किल्ला खासगी, तिथे या दोन्हींचं कार्ड चालत नाही. एकाचं वार्षिक सभासदत्व घेतलं की त्यांच्या देशभरातल्या जागा वर्षभर फुकट होतात, पण आधी वर्षात किती शनिवार मोकळे आहेत ते मोजा. माझ्या ओळखीत अशी तीन घरं आहेत जिथे उत्साहात कार्ड घेतलं गेलं आणि ते फ्रिजवर चुंबकाखाली वर्ष काढून निवृत्त झालं.

भारतातून आईबाबा आले असतील तर इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचा पास मिळतो. सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज असतात, तेव्हा एरवी बंद किंवा तिकीट असलेल्या कितीतरी जागा फुकट उघडतात. नवराबायको नेहमी बरोबर फिरत असाल तर टू टुगेदर रेलकार्ड घ्या, भाड्यात एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी मात्र ते चालत नाही.

काही जागांना तिकीटच नाही. ॲक्टन बर्नेलच्या पडक्या गढीत दिवसाउजेडी कुणीही केव्हाही जावं. त्या गावात १२८३ साली राजा पहिल्या एडवर्डने पार्लमेंट भरवलं होतं, आज तिथे भिंती, गवत आणि कबुतरं. गावोगावच्या चर्चनाही तिकीट नसतं, दाराशी दानपेटी असते. आईने पहिल्यांदा दारातच चपला काढल्या होत्या. काढायच्या नाहीत, फरशी बर्फासारखी असते.

श्रूजबरी: अर्धा दिवस

स्टेशनच्या बाहेर पडून चढाला लागलात की किल्ला जवळच दिसतो आणि पुढे समोर वाचनालय. ही पूर्वीची शाळा, चार्ल्स डार्विन इथे शिकला. तो जन्मला याच गावात, १८०९ साली. वाचनालयासमोर त्याचा बसलेला पुतळा आहे. पुढे कॅसल स्ट्रीटवर एका इमारतीवर पेलिन नावाच्या बेकरीवाल्याची पाटी शोधा, त्याच्या श्रूजबरी केकची ती जागा. बाबांना फोटो पाठवायचा असेल तर इथूनच. चव मात्र सांगून ठेवते: तिकडचं बिस्किट बरंच साधं, लोण्याचा खमंगपणा आपल्या कॅम्पातल्या बिस्किटाला जास्त.

सेव्हर्न नदीने गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घातलाय. पुलांपैकी एकाचं नाव इंग्लिश ब्रिज, दुसऱ्याचं वेल्श ब्रिज, म्हणजे कुठल्या बाजूने कोण यायचं ते नावातच आलं. मध्ये काळ्या लाकडी चौकटींची पांढरी घरं आणि त्यांच्यामधून जाणारे अरुंद बोळ. या बोळांना इथे 'शट' म्हणतात. नकाशा खिशात ठेवा आणि बोळांत शिरा. नदीने वेढलेल्या गावात हरवून हरवून किती हरवणार?

चौकात १५९६ चा जुना बाजार आहे, खाली दगडी कमानी, वर माडी. त्याच चौकात उंच चौथऱ्यावर रॉबर्ट क्लाइव्ह उभा आहे. प्लासीवाला क्लाइव्ह इथला खासदार होता, काही काळ महापौरही होता. पुतळा त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १८६० साली बसवला. २०२० मध्ये तो हलवावा म्हणून हजारो सह्यांचे अर्ज झाले, कौन्सिलने तो ठेवायचं ठरवलं. आपल्याकडच्या पाहुण्यांना बंगाल आठवतो, पण मराठी माणसाने इथे विजयदुर्ग आठवावा. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग इंग्रजांनी घेतला, तेव्हा समुद्रावर ॲडमिरल वॉटसनचं आरमार होतं आणि जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख हा क्लाइव्ह. मोहीम पेशव्यांशी संगनमत करून आखलेली, आणि किल्ल्यातला खजिना इंग्रजांनी आपसात वाटून घेतला. प्लासी त्यानंतर सव्वा वर्षाने. माझ्या मालवणच्या मैत्रिणीने पुतळ्याकडे बघून फक्त "हा होय तो" म्हटलं आणि ती कॉफी घ्यायला गेली.

या धाग्यात रस असेल तर श्रूजबरीहून रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांवर, वेल्समध्ये, वेल्शपूलचा पॉविस किल्ला आहे. क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह तिथे आहे, टिपू सुलतानाच्या सिंहासनावरचं वाघाचं शीर आणि त्याचा तंबूही. त्याला वेगळा दिवस द्या.

स्टोकसे: निवांत बघायची गढी

क्रेव्हन आर्म्सला उतरून सुमारे दीड किलोमीटर चालायचं. काही भाग मोठ्या रस्त्याच्या कडेने आहे, मुलांचा हात धरा.

याला कॅसल म्हणतात, पण बांधला एका व्यापाऱ्याने. लॉरेन्स ऑफ लडलो हा लोकरीचा बडा व्यापारी, राजालासुद्धा कर्ज देणारा. १२९१ साली त्याने तटबंदीची रीतसर राजपरवानगी मिळवली. पैसा आला की माणूस वाड्याला बुरूज काढतो, ही खोड कुठलीच जात-प्रांत बघत नाही. पुढे तीन वर्षांनी लोकरीची जहाजं घेऊन जाताना तो समुद्रात बुडाला.

आत शिरल्यावर लगेच फोटो काढू नका. दिवाणखान्यात मधोमध उभं राहून वर पाहा. छताची लाकडं सातशेहून जास्त वर्षांची आणि काळी, कारण चूल जमिनीच्या मध्यावर होती आणि धुराडं नव्हतंच. धूर वर चढायचा आणि वाट मिळेल तिथून जायचा. आपल्या जुन्या माजघरातल्या आढ्याला जसा काजळीचा थर असायचा, तसंच. कोपऱ्यातल्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या अखंड ओंडक्यांतून काढलेल्या आहेत, मधे झिजून खोलगट झाल्यात. मग बाहेरच्या जिन्याने मालकाच्या खोलीत जा. तिथल्या नक्षीदार चुलाण्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीत लहानशा खिडक्या आहेत. त्यातून डोळा लावला की खालचा अख्खा दिवाणखाना दिसतो: कोण आलं, कोण किती वेळ बसलं, नोकर काय करताहेत. माडीवरच्या झरोक्यातून ओसरीवर लक्ष ठेवणाऱ्या आजेसासूबाईंना ही खोली फार आवडली असती.

सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात गढी न लढता शरण गेली, म्हणून ती आज एवढी धड उभी आहे. तट मात्र नंतर पाडला. पिवळसर, लाकडी कोरीव काम असलेली देवडी त्याच शतकातली. दीड-दोन तास पुरतात.

लडलो

पुढचं स्टेशन. किल्ला अकराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि वेल्सचा सारा कारभार शतकभराहून अधिक काळ इथून चालला. १५०२ साली राजपुत्र आर्थर इथे वारला. त्याची विधवा कॅथरिन पुढे त्याच्या धाकट्या भावाची, आठव्या हेन्रीची, राणी झाली, आणि त्या लग्नाच्या काडीमोडापायी इंग्लंडने पोपशी नातं तोडलं. आतल्या चौकातला गोल घुमटीसारखा देवघराचा भाग चुकवू नका, गोल चर्चं इंग्लंडात फार थोडी. हा किल्ला १८११ मध्ये पॉविसच्या अर्लने विकत घेतला. तो अर्ल म्हणजे आपल्या क्लाइव्हचा मुलगा.

किल्ल्याच्या दारातच बाजार भरतो. तिथून सेंट लॉरेन्स चर्चला जा आणि गायकांच्या घडीच्या बाकांखाली वाकून पाहा. उभं राहून दमलेल्यांना टेकण्यापुरत्या लाकडी फळ्या आहेत आणि त्यांच्या पोटाशी मध्ययुगातल्या सुतारांनी मनाला येईल ते कोरलंय.

लाँग मिंड: डोंगर आणि पाऊलवाटांचे नियम

चर्च स्ट्रेटन स्टेशनपासून कार्डिंग मिलची दरी पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर दरीतल्या ओढ्याकाठीच बसा, चहाची जागा आणि स्वच्छतागृह तिथेच आहे. थोडं चालणाऱ्यांनी लाइटस्पाउट धबधब्यापर्यंत जाऊन यावं. धबधबा बघून "एवढाच?" असं होईल, आंबोलीची सवय झालेल्या डोळ्यांना इथलं पाणी नळाचं वाटतं. पाय धड असतील त्यांनी वर पोल बँकपर्यंत जावं, उंची ५१६ मीटर. सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही म्हणून हसू नका, वर आडोसा म्हणून झाड नाही आणि वारा कान कापून नेतो. माथ्यावर कुठल्या दिशेला काय दिसतं ते सांगणारी तबकडी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वाटेच्या कडेला झुडपांत निळी-काळी बारीक फळं दिसतील, स्थानिक लोक त्यांना व्हिनबेरी म्हणतात. करवंदांसारखीच बोटं आणि जीभ रंगवतात. ओळखीच्या माणसाने दाखवल्याशिवाय कुठलंच रानफळ खाऊ नका.

नकाशा कागदी घ्या: ऑर्डनन्स सर्व्हेचा केशरी एक्सप्लोरर, क्रमांक २१७. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक वाटा. प्रत्यक्ष जमिनीवर खांबावर पिवळा बाण असेल तर फक्त पायी, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही.

शेतातून जायला नवीन माणूस घाबरतो, मीही घाबरायचे. कुणाच्या तरी गव्हात शिरतोय, आता ओरडतील. पण सार्वजनिक वाट शेतातून जात असेल तर तिथून चालण्याचा तुमचा कायदेशीर हक्क आहे. वाट सोडायची नाही एवढंच. कुंपणाला फाटक असेल तर ते जसं होतं तसंच मागे ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. काही ठिकाणी कोकणातल्या बेड्यासारखी व्यवस्था असते, लाकडी पायऱ्यांवरून पलीकडे उतरायचं. मेंढ्या निरुपद्रवी. गायींबरोबर वासरं असतील तर मात्र त्यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला, इथल्या गायी गोठ्यातल्या गायींसारख्या सोशिक नसतात. नेच्याच्या दाटीतून आल्यावर पायांवर गोचीड चिकटलीय का ते संध्याकाळी बघा.

कपड्यांचं थोडक्यात: पाणी न शिरणारं जॅकेट, बूट घोट्यापर्यंत, मोज्यांचा जादा जोड. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. डोंगरावर कुणाला लागलं तर ९९९ लावून पोलिस मागा आणि माउंटन रेस्क्यू हवंय म्हणून सांगा.

गाडी असेल तर

भारतीय लायसन्सवर इथे पहिले बारा महिने चालवता येतं, आणि बाजू आपलीच, डावी. नवीन आहे ती खेड्यातल्या रस्त्यांची रुंदी. दोन्हीकडे उंच कुंपणझाडी, मध्ये एकच गाडी मावेल एवढी जागा, मधूनमधून बाजूला सरकायला खाच. समोरून ट्रॅक्टर आला तर ज्याला खाच जवळ त्याने मागे घ्यायची, आणि हात वर करून आभार मानायचे. हात न केल्यास लोकांना भलताच राग येतो. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली की कायद्याने ताशी ६० मैल चालतात, पण त्या बोळात पंचवीस पुष्कळ झाले. चर्च स्ट्रेटनहून माथ्यावर चढणारा बरवे रस्ता पहिल्याच वेळी घेऊ नका, एका बाजूला थेट दरी आहे.

गाडीने आयर्नब्रिज सोपं पडतं (रेल्वेने टेलफर्डला उतरून बस). १७७९ साली सेव्हर्नवर उभारलेला बिडाच्या लोखंडाचा पूल, जगातला असा पहिला मोठा. गंमत त्याच्या सांध्यांत आहे: लोखंडाचे सांधे कसे करायचे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सुतारासारखी खाच-कूस पद्धत वापरली. पुलाखाली नदीकाठी उतरा आणि ते सांधे जवळून बघा. पूल पायी ओलांडायला पैसे नाहीत. जकातघरावर जुना दरफलक अजून आहे, राजघराण्यातल्या माणसांनाही टोल माफ नाही असं त्यावर बजावलंय. टोलनाक्यावर ओळख सांगणाऱ्यांची आपल्याकडची परंपरा आठवून मला तो फलक विशेष आवडतो.

पोटोबा

पबमधलं दुपारचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं आणि सहापर्यंत उघडत नाही. आपण तीनला पोचतो आणि वेफर्सवर दिवस काढतो. शाकाहारी एखाददुसरा पदार्थ सगळीकडे असतो, पण चिप्स आणि सूप यापलीकडे भरवसा ठेवू नका. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा नेते. डब्याचं कुणाला काही वाटत नाही, अर्धं इंग्लंड बाकावर बसून घरचं सँडविच खात असतं. दुपारी चहाबरोबर स्कोन मात्र विकतच घ्या, जॅम आणि घट्ट साय लावून. दुकानात श्रॉपशर ब्लू नावाचं केशरी, निळ्या शिरांचं चीज दिसेल. नावावर जाऊ नका, ते पहिल्यांदा स्कॉटलंडमध्ये बनलं. बाबांना मी ते चाखवलं. त्यांनी तुकडा हळूच रुमालात गुंडाळला आणि विचारलं, "बिस्किटं कुठल्या दुकानात म्हणालीस?"